उतरल्याचा फोन

ये गं, अशी जवळ बस. लांब आहेस हे माहीत आहे मला, पण वाचताना तरी जवळ बसल्यासारखी वाच. आणि आधी माझं थोडं ऐकून घे. दर रविवारी फोन करतेस, गोळ्या घेतल्या का विचारतेस, गुडघा कसा आहे विचारतेस, आणि मी 'गावाकडं कधी येतेस' म्हणाले की तुला लगेच कुणीतरी हाक मारतं. इतकी वर्षं झाली, नेमकं तेव्हाच कोण हाक मारतं गं तुला? शे-दीडशे माणसं घेऊन विमान नेणारी बाई तू, आणि आईला साधी थाप नीट मारता येत नाही. मला पुण्याला बोलावून घेतेस, हॉटेलात जेवायला नेतेस, नको म्हटलं तरी साडी घेतेस. पण ओतूरच्या पुढं यायचं नाही, आपल्या डिंगोऱ्यात पाय ठेवायचा नाही. ही काय रीत झाली?

का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तुला काकांचं तोंड बघायचं नाही. तू पोचायच्या आत काकांनी तुझ्या आण्णांना उचललं, हे तू मनात धरून बसली आहेस. आणि मी आजवर त्यावर गप्प राहिले. आता गप्प राहायला वेळ उरला नाही, म्हणून ही वही घेतली. चौथी शिकलेली बाई मी, पुढचं वाचन आपलं आपण केलेलं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नकोस.

त्या दिवसाची अर्धी बाजू तुझी, तू वर होतीस. अर्धी माझी, मी खाली होते. तुझी तू मला एकदा भांडताना सांगितलीस. माझी मी कुणालाच सांगितली नाही.

पण एकदम त्या दिवसावर येता येत नाही मला. आधीचं आठवत आठवतच जावं लागतं.

आण्णा एसटीत ड्रायव्हर. तू लहान असताना सुट्टीत त्यांच्या गाडीत बसायचीस, त्यांच्या मागच्या पहिल्या बाकावर, जाळीला नाक लावून. गिअर कधी टाकतात, घाटात गाडी कशी तोलतात, हे तू बघत राहायचीस, बाकीची पोरं खिडकीतून बाहेर बघायची. बारावीला मार्क बरे पडले, ओतूरच्या कॉलेजातल्या मॅडमनी पेपरातली जाहिरात दाखवली, शिष्यवृत्ती मिळत होती, तू अर्ज केलास. मी म्हणाले, 'डी.एड. कर, शिक्षिका हो.' आण्णांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोरीला लायसनच काढायचंय ना? मग मोठ्या गाडीचं काढंल."

वस्तीत बोभाटा झाला. शेजारचा म्हातारा रोज विचारायचा, "काय ड्रायव्हर, पोरगी इमान चालवणार म्हणं. मग आमाला बुधवारच्या बाजाराला सोडाय सांगा की."

"सोडंल की," आण्णा म्हणायचे. "पण मदी उतरता येनार न्हाई. इनंती थांबा नसतोय तिकडं."

तू पुण्याच्या पलीकडं, चार-साडेचार तासांवर, त्या विमान शिकवणाऱ्या संस्थेत गेलीस. पहिल्या महिन्यात तुझी दोन पत्रं आली. दोन्हीत उलटीशिवाय दुसरं काही नव्हतं. दोन माणसांचं विमान, उन्हात तापलेलं, रॉकेलसारखा वास, आणि वर गेलं की खाली-वर, खाली-वर. तू पिशवी घेऊन बसायचीस. सर म्हणाले, पिशवी मांडीवर ठेव पण दांडा सोडू नको. मी ते वाचून रडले. आण्णा म्हणाले, "माळशेजला नव्या कंडक्टरला बी व्हतंय. जाईल."

आणि गेलं. मग नुसतं उतरायचं शिकणं. वर जायचं, गोल फिरायचं, खाली यायचं, टेकवायचं, परत वर. दिवसातून सात-आठ वेळा. तू म्हणायचीस, वर जायला काही लागत नाही आई, विमान आपणहून जातं. सगळं कसब उतरण्यात. जमीन जवळ आली की जीव घाबरतो आणि माणूस दांडा ओढतो, मग विमान बेडकासारखं उड्या मारतं. तुझ्या उड्यांवरून मुलं चिडवायची. पण तू हट्टी.

तेव्हाच आपल्याकडं फोन घेतला. खास त्यासाठी. आण्णांचं म्हणणं असं की, ड्रायव्हर डेपोत पोचला की नोंद करतो, गाडी पोचली म्हणून. तशी तू रोज करायची. जितक्या दिवशी उडशील तितक्या दिवशी, उतरलीस की फोन. जास्त बोलायचं नाही, नुसतं 'उतरले' म्हणायचं. फोन बाहेरच्या खोलीत स्टुलावर ठेवला, त्यावर मी भरतकामाचा रुमाल घातला. रिटायर झाल्यावर आण्णा त्याच्याशेजारी खाट टाकून बसायचे. फोन वाजला की दुसऱ्या रिंगच्या आत उचलायचे, ऐकायचे, 'बरं' म्हणायचे आणि ठेवायचे. मग मला सांगायचे, "उतरली." जसं काही मला दिसत नव्हतं.

तू पहिल्यांदा एकटी उडालीस त्या दिवशी आण्णा तिथं होते. एसटी बदलत बदलत गेले. तारेच्या कुंपणाशी उकिडवे बसून त्यांनी तुला बघितलं. मुलांनी तुझ्या अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, तशी तिकडं पद्धत आहे म्हणे. सरांनी आण्णांना विमानापाशी नेलं. आण्णांनी आधी टायर बघितले, हात फिरवला आणि सरांना विचारलं, "रिमोल्ड न्हाईत ना?" सर हसले नाहीत. सर फौजेतून आलेले, साताऱ्याकडचे. म्हणाले, "तुमच्या पोरीला मी जुन्या टायरवर पाठवीन का दादा?" घरी आल्यावर आण्णांनी हे मला चार वेळा सांगितलं.

एवढंच सुखाचं आहे. आता पुढचं.

तुझ्या खोलीत खानदेशातली ती पोरगी होती, आठवते ना, मला शेवेची भाजी करून घालणारी. तिचं लग्न जमलं होतं. सासरची माणसं म्हणत होती हे उडणं बंद कर. त्या सकाळी फोनवर तिची त्यांच्याशी बाचाबाची झाली, तू शेजारी उभी होतीस. डोळे पुसून ती विमानात बसली. उतरताना वळण घेतलं आणि वेग कमी पडला. धावपट्टी शंभर-दोनशे पावलांवर राहिली, ज्वारीच्या वावरात विमान कोसळलं. तुम्ही सगळे पळत गेलात. तू काय बघितलंस ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी आलो. तू तिचे कपडे घडी करून तिच्या बॅगेत भरत होतीस. ओली साडी दोरीवर होती, ती कशी भरायची म्हणून तिच्याकडं बघत उभी होतीस. मी ती साडी इस्त्रीनं वाळवली. तिची आई आली, बॅग घेऊन गेली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तिच्याकडं बघत होते.

मी म्हणाले, 'चल घरी, बास झालं.' आण्णा मात्र सरांकडं गेले आणि म्हणाले, "हिला उद्याच वर पाठवा. आमच्यात गाडी ठोकल्यावर ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी त्याच रूटवर देतात. न्हाईतर त्येचा हात जल्मभर कापतोय."

सरांनी ऐकलं. पण आम्हा दोघांना बसवून एक सांगितलं. म्हणाले, "दादा, ताई, घरातलं भांडण, आजारपण, काही असो, आधी मला सांगायचं, तिला नाही. मन ठिकाणावर नसलेलं पोर मी वर पाठवत नाही. त्या मुलीचं मला कळलं नाही, हे मी जन्मभर विसरणार नाही." आण्णांनी मान हलवली. मीही हलवली. हे ध्यानात ठेव.

पुढं चार महिन्यांनी तुझं ते लांबचं एकटीचं उडणं होतं. एकटीनं दक्षिणेकडच्या शहराच्या विमानतळावर जायचं, तिथं उतरून तेल भरायचं आणि परत यायचं. ते झालं की आठवड्यात मोठे परीक्षक येणार, परीक्षा घेणार, लायसन. आदल्या संध्याकाळी तू आण्णांशी फोनवर बोललीस. नकाशा मांडीला पट्ट्यानं बांधतात म्हणून सांगितलंस.

सकाळी आण्णांनी चहा घेतला. म्हशीला वैरण टाकली. आत आले आणि म्हणाले, "छातीत दाटल्यावानी व्हतंय." मी पाणी आणेपर्यंत ते फोनच्या शेजारच्या खाटेवर बसले होते, पाणी घेऊन आले तर आडवे. काकांनी जीप आणली, ओतूरला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि काकांना बाहेर बोलावलं. बाहेर बोलावलं तिथंच मला कळलं. नऊ वाजता आम्ही त्यांना परत घरी आणलं.

मला रडू आलं नाही. बायका गळ्यात पडत होत्या आणि माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं. मी काकांना म्हणाले, "भाऊजी, सरांना फोन लावा."

सर म्हणाले, "ताई, ती साडेआठला निघाली. वर आहे."

मग एकेक शब्द नीट सांगितला. म्हणाले, "साडेदहा-अकराला ती तिकडं उतरेल. तिथं तिला कळवलं तर मी तिला विमान परत आणू देणार नाही. माणूस पाठवून गाडीनं आणावी लागेल, उद्या सकाळ होईल. परक्या गावात एकटी बसेल ती ही बातमी घेऊन. नाही कळवलं तर अडीचपर्यंत इथं उतरेल, मी लगेच जीप देतो, सात-साडेसातला तुमच्या दारात. मला यात ठरवता येत नाही. तुम्ही सांगा."

मी विचारलं, "न सांगता आली तर नीट येईल ना?"

"आजवर आली तशी येईल."

मी म्हणाले, "मग नका सांगू."

आपल्याकडं हे काही नवीन नाही. मयताची बातमी कुणी तोंडावर देतं का? माझी आई गेली तेव्हा आंबेगावातून निरोप आला, 'तब्येत जास्त आहे, निघ.' निघताना आपण समजायचं ते समजतो, पण कुणी बोलत नाही. पोचेपर्यंत आशेचा एक धागा राहू द्यायचा, एवढीच त्यातली माया. मी पण तेवढंच केलं असं मला वाटलं. पण तू फोन करणार, हे मी विसरले होते.

अकराला दहा कमी असताना फोन वाजला.

खोली बायकांनी भरलेली. कुणी गळा काढलेला, कुणी उदबत्ती लावतेय. आण्णा मध्ये जमिनीवर, पांढरी चादर. मी उभी राहिले आणि हात वर केला. काकांना लगेच समजलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि बायकांना हळू म्हणाले, "पोरीचा फोन हाये. तिला परत वर जायाचं हाये. आवाज करू नका." तेवढ्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. धाकट्या जावेनं कडेवरच्या लेकराचं तोंड दाबून धरलं. मी आण्णांना ओलांडता येत नाही म्हणून भिंतीकडून गेले आणि फोन उचलला.

"आई? आज फोन तू कसा उचललास? उतरले म्हणावं."

"बरं झालं."

"आण्णांना दे ना."

"झोपलेत."

"आत्ता? अकरा वाजता?"

"रात्री खोकला होता. आत्ता डोळा लागलाय."

"मग उठवू नको. त्यांना एवढं सांग, आडवा वारा होता, तरी एका दमात टेकवलं. उडी नाही मारली. त्यांना कळेल."

"सांगते."

"तुझा आवाज का असा?"

"चुलीपाशी होते. धूर गेला."

"गॅस घेऊन दिलाय ना तुला? त्याची काय पूजा करतेस? बरं, तेलाची गाडी आली, ठेवते. अडीचला परत करते फोन, तेव्हा त्यांना जवळ बसव."

मी फोन ठेवला. मी आण्णांच्या उशाशी बसले आणि त्यांना सांगितलं, "आडवा वारा होता म्हणती, तरी एका दमात टेकवलं." मग बायका जे रडायला लागल्या ते थांबेनात. मी मात्र कोरडीच.

बारा ते तीन कसे गेले ते माझं मला माहीत. समोर नवरा गेलेला आणि पोटची पोर आकाशात. माझा भाऊ आंबेगावातून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून रडायला लागला, आणि मी त्याला विचारलं, "दादा, येताना रस्त्यानं वारा कसा होता?" त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. दुपारी दारातली केळीची पानं हलायला लागली. मी त्या पानांकडं बघत होते. जिची ओली साडी दोरीवर राहिली होती, ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. अडीच वाजले, फोन नाही. पावणेतीन. तीन. मी आण्णांना मनातल्या मनात म्हणत होते, तिला तरी राहू द्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी सरांचा फोन आला. म्हणाले, "ताई, उतरली."

तेव्हा मी रडले. जमिनीवर बसून, मोठ्यानं. बायका म्हणाल्या, 'रडली बाई एकदाची, बरं झालं.' त्यांना वाटलं मी आण्णांसाठी रडते. मी तू जिवंत आहेस म्हणून रडत होते.

सर म्हणाले, वडिलांची तब्येत जास्त आहे म्हणून सांगितलंय, जीप निघाली. तू नंतर मला सांगितलंस, तेवढ्या एका वाक्यातच तुला सगळं कळलं. जीपमध्ये ड्रायव्हरनं गाणी लावली होती, ती तू बंद करायला सांगितली नाहीस. त्यानं गाणी बंद केली तर ते खरं ठरेल, असं तुला वाटत होतं. मी त्या चार तासांचा विचार आजही करते.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. नीट वाच.

साडेचार झाले. दिवस लहान. दहनाची जागा ओढ्याच्या कडेला, आणि तिथवर दोन्ही बाजूंनी ऊस. ते बिबट्याचे दिवस होते, तुला आठवतं. त्याच महिन्यात पलीकडच्या वस्तीवर भर संध्याकाळी एका बाईवर झेप घातली होती. दिवस कलला की माणसं दारं लावून बसायची. वडीलधारी माणसं म्हणायला लागली, उजेडात उरकलं पाहिजे. पोरीसाठी सगळ्या गावाचा जीव टांगणीला लावायचा का?

काका त्यांच्यात बसले नव्हते. ते माझ्याकडं आत आले. चुलीपुढं टेकले. म्हणाले, "वैनी, कुणाचं ऐकू नका. पोरगी येऊस्तवर आपण थांबू. मी बत्त्या आणतो, पोरं गोळा करतो, डबे वाजवत जाऊ. बिबट्या काय खातोय एवढ्या माणसांना? तिचा बाप हाये, तिनं तोंड बघितल्याबिगर मी उचलू देनार न्हाई."

हे तुझे काका म्हणाले. तू ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस, जे तुला सायकलवरून ओतूरच्या शाळेत सोडायचे, ते.

आणि मी म्हणाले, "नका थांबू. न्या."

"वैनी, इचार करून बोला."

"केलाय. न्या."

का म्हणाले, ते तेव्हा मी त्यांना असं सांगितलं. आठवड्यावर तिची परीक्षा आहे. त्यांचा चेहरा निळा पडलाय, ओठ काळे झालेत. तो चेहरा तिनं बघितला तर वर गेल्यावर तिला पुढच्या काचेत तोच दिसेल. माझा नवरा गेला, मला पोर घालवायची नाही. तसं मला खरंच वाटत होतं, खोटं नाही ते. पण तेवढंच नव्हतं. 'झोपलेत' म्हणून सांगितलं होतं ना मी तुला. त्या चादरीशेजारी उभं राहून तुझ्या नजरेला नजर द्यायची माझ्यात ताकद नव्हती. रिकाम्या जागेशेजारी देता येईल असं वाटलं. हे मी काकांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. आज पहिल्यांदा लिहिते.

काका म्हणाले, "ती मला जल्मभर बोलंल."

"माझं नाव सांगू नका तिला."

ते उठले. मग बाहेर जाऊन म्हणाले, "चला. उचला."

बुद्धवंदना झाली. सगळ्यांनी फुलं वाहिली. तुझी फुलं मी वाहिली. सूर्य डोंगराआड जायच्या आत माणसं ऊस ओलांडून परत आली.

तू साडेसातला आलीस. अंगावर तोच पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. आम्ही सगळ्या पांढरं नेसून बसलेल्या. तू आधी खाटेकडं बघितलंस, मग सारवलेल्या जमिनीकडं. जमीन ओली होती अजून. तू मला विचारलंस, "झोपलेत ना?" तेवढ्यात काका पुढं झाले आणि म्हणाले, "म्या नेलं. अंधार पडत व्हता. मीच म्हनलो न्या."

तू दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारत सुटलीस. त्यांनी हात बाजूला सोडून दिले होते. कुणीतरी तुला धरायला गेलं तर त्यांनीच नको म्हणून मान हलवली. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. तेव्हा एक पाऊल पुढं टाकलं असतं तर. पण नाही टाकलं.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला आणि तू गेलीस. सरांनी तुला महिनाभर जमिनीवर ठेवलं. परीक्षक आले आणि गेले. मी ज्या परीक्षेसाठी आण्णांना लवकर पाठवलं, ती परीक्षा तेव्हा झालीच नाही. पुन्हा वर गेलीस तर तुला टेकवता येईना. सरांनी मला फोनवर सांगितलं, जमीन दहा हात राहिली की ती दांडा ओढते आणि परत वर जाते, पाच-पाच वेळा, तेल संपत येईपर्यंत. एकदा खाली आल्यावर विमानात तशीच बसून राहिलीस, पट्टा सोडेनास. उन्हाळा निघाला त्यात. मग हळूहळू उतरलीस. लायसन मिळालं. तेही मला सरांनीच कळवलं. तू परत कधी 'उतरले' म्हणून फोन केला नाहीस. फोन स्टुलावर होता, मी रुमाल धुऊन परत घालत होते.

दोन-तीन वर्षांनी पुण्यात तू मला म्हणालीस, "आई, तू खोटं बोललीस ते मी समजू शकते. मी नीट उतरावं म्हणून बोललीस. पण काकांना काय घाई होती? त्यांना मी कधी माफ करणार नाही." माझ्या ताटात तेव्हा डोसा होता. मी डोसा खाल्ला. पाणी प्याले. आणि गप्प बसले. पुण्यात गप्प बसले, हे त्या दिवशी 'न्या' म्हणण्यापेक्षा वाईट होतं. माझी भीती अशी की, मला तूच उरलीस, तू माझ्याशी बोलणं सोडलंस तर मी काय करू. म्हणून काकांना तुझ्या रागात ठेवलं आणि मी तुझ्या पैशाच्या साड्या नेसले.

काकांनी एवढ्या वर्षांत एकदाही मला बोलून दाखवलं नाही. तुझ्या लग्नाची पत्रिका त्यांना आली नाही, तेव्हा त्यांनी मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, पिशवीत तुझ्यासाठी तांदूळ दिले आणि म्हणाले, "माझे म्हनू नका." ते तांदूळ तू खाल्लेस.

गेल्या दिवाळीपासून त्यांची उजवी बाजू गेली आहे. बोलणं जड झालंय, पण माणसं ओळखतात. मी सकाळी त्यांना भरवायला जाते. आपल्या डोंगरावरून उंच एखादं विमान गेलं की डाव्या हातानं दाखवतात आणि विचारतात, "आपली का?" मी म्हणते, "तिची आज दुसरीकडं ड्युटी." परवा मी त्यांना म्हणाले, "भाऊजी, मी पोरीला सगळं लिहून कळवते." त्यांनी डावा हात हलवून नको म्हणून सांगितलं. खूप वेळ लावून एकेक शब्द बोलले. "चुलत्यावर रागावलेली पोर जगती, वैनी. आयशीवर रागावली तर कुनाकडं जाईल?"

त्यांनी नको म्हणूनसुद्धा मी लिहिलं. तुला राग येणार, येऊ दे. रविवारचा फोन बंद केलास तरी मी समजून घेईन. पण हे वाचल्यावर फोनवर काही बोलू नकोस, इथं येऊन बोल. मला जे म्हणायचं ते सगळ्यांसमोर म्हण, मी ऐकून घेईन. फक्त आधी काकांकडं जा. त्यांच्या डाव्या बाजूला बस, उजवीकडचं त्यांना दिसत नाही. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत, आणि मीही तुला काही लपवून सांगत नाही. ते आज जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत, सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली त्यांनी.

तेव्हा सुट्टी काढ. दोन दिवसांची मिळाली तरी चालेल. नारायणगावहून ओतूरची गाडी मिळते, ओतूरला मी स्वतः घ्यायला येते. जावईबापूंना आणायचं तर आण, नाहीतर एकटी ये. पण ये गं, या आठवड्यातच ये.